थंड टाच

१

टेबलावर दोन रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवलेले होते. दोन्ही एकाच मुलीचे होते, आणि दोन्ही खरे असणं शक्य नव्हतं.

पहिला जन्मानंतर लगेचच्या दिवसांतला, वेळेआधी जन्मलेली ती रुग्णालयात काचेच्या पेटीत होती तेव्हाचा. प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावर घेतात, वाळवतात आणि प्रयोगशाळेत पाठवतात. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी नीट काम करते की नाही ते त्यावरून कळतं. वेळेत कळलं तर रोज एक छोटीशी गोळी देऊन मूल चारचौघांसारखं वाढतं. कळलं नाही तर मेंदूची वाढ खुंटते, आणि मग कितीही गोळ्या दिल्या तरी गेलेलं परत येत नाही. या मुलीच्या पहिल्या रिपोर्टात सगळं नॉर्मल होतं.

दुसरा रिपोर्ट ती घरी गेल्यावरचा. अशक्तपणा बघून गल्लीतल्या डॉक्टरने काढवलेला. त्यावरून दिसत होतं की तिची ग्रंथी जवळपास नव्हतीच. अशी ग्रंथी चार आठवड्यांत गायब होत नाही. ती जन्मतःच नसते.

हे कागद माझ्यापुढे सरकवणाऱ्या बाई नवजात विभागाच्या प्रमुख. सगळं रुग्णालय त्यांना मोठ्या बाई म्हणतं. कधीकाळी त्या माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसत, म्हणून मी अजून त्यांना 'तू' म्हणतो आणि दर वेळी जरा अवघडतो.

मी निवृत्त पॅथॉलॉजिस्ट. माणसांपेक्षा काचपट्ट्यांशी माझं जास्त जमलं. चौकशी म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांत बघून प्रश्न विचारायचे, आणि ते मला कधी साधलेलं नाही. मी तसं सांगितलंही. मोठ्या बाई म्हणाल्या, बाहेरचा माणूस बोभाटा करेल, आतला झाकपाक करेल, तुम्ही दोन्ही करणार नाही. यात माझं कौतुक किती आणि माझ्या भित्रेपणाची पारख किती, ते मला ठरवता आलं नाही.

पहिल्या कार्डासाठी रक्त घेतलेल्या सिस्टरला चौकशी होईपर्यंत घरी बसवलं होतं. कार्डांची अदलाबदल, असा उघड संशय होता. मी विचारलं, मुलीचं काय. गोळी सुरू झालीय, त्या म्हणाल्या, उशीर झालाय पण फार नाही. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"सर, वडील म्हणतात की रक्त बदललं एवढंच नाही, मूलच बदललंय. आणि आई तिला मांडीवर घेत नाही."

२

मुलीचे वडील किल्ल्या बनवतात. पुढे दुकान, मागे घर. दुकानाच्या तिन्ही भिंती किल्ल्यांनी भरलेल्या, आणि त्यांच्या मधून वाट काढत आत जावं लागतं.

आत मला भेटली ती आत्या, म्हणजे किल्लीवाल्याची थोरली बहीण. भावजय बाळंत झाली तेव्हा मदतीला आली ती अजून परत गेलेली नव्हती. बाळ तिच्याच खांद्यावर होतं. ते अदलाबदलीतलं आहे याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती आणि पुरावे तोंडपाठ होते. एक म्हणजे नाक. मी चाचरत म्हणालो, या वयात सगळ्यांची नाकं सारखीच असतात. तिने माझ्या नाकाकडे असं काही पाहिलं की मी तो मुद्दा सोडून दिला.

दुसरा पुरावा आवाजाचा. "आमच्या घरात इतकं गप्प कोणी जन्मलेलं नाही," ती म्हणाली. "हा माझा भाऊ जन्मला तेव्हा चार गल्ल्यांनी कानांत बोळे घातले होते. ही बघा. भूक लागली तरी मागत नाही. दुधासाठी हलवून उठवावं लागतं. रडली तर घसा बसल्यासारखी, म्हाताऱ्या बाईसारखी."

मी बाळाच्या हाताला हात लावला. गार होता. जीभ किंचित बाहेर, कातडी कोरडी. आत्या ज्याला परक्या रक्ताची लक्षणं म्हणत होती ती सगळी आजाराची लक्षणं होती. गोळी पोटात गेली की हळूहळू निवळतील, असं मी सांगितलं. ती म्हणाली, गोळी मीच देतेय, परक्याचं असलं तरी लेकरू आहे.

आईचं मी विचारलं. मागोमाग आत आलेल्या किल्लीवाल्याने आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं. दाराशेजारी स्टुलावर झाकण घातलेली वाटी होती. ती दूध काढून ठेवते, तो म्हणाला. वाटी बाहेर येते, रिकामी आत जाते. ती काही बाहेर येत नाही.

मी दारापर्यंत गेलो, पण हाक मारायला शब्द सुचेनात. आतून पलंग करकरला आणि थांबला. तीही दारापलीकडे ऐकत उभी असावी.

दुकानात येईपर्यंत किल्लीवाला माझ्यामागून आला. तो चांगला माणूस होता आणि कित्येक रात्री झोपलेला नव्हता. त्याने एवढंच मागितलं की कोणाला शिक्षा होवो न होवो, ही आपली आहे की नाही ते त्याला कळावं. आपली नसेल तर आपली कुठे आहे, तेही.

३

सिस्टर मांजरीसारखी चालते म्हणून पेटीतल्या मुलांच्या त्या विभागात तिला मनीसिस्टर म्हणतात. काचेच्या पेटीत ठेवलेलं, वेळेआधी जन्मलेलं मूल दार वाजलं तरी दचकतं, त्यामुळे ही चाल तिने कमावलेली. घरी ती धुतलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी बसलो तरी तिचे हात थांबले नाहीत.

त्या सकाळी तिने दोनच कार्डं केली होती. एक या मुलीचं, दुसरं खिडकीजवळच्या पेटीतल्या मुलाचं. मुलगा ठणठणीत, त्याचे थेंब लगेच पडले. मुलीची अवस्था वाईट होती. रात्रभर तिचा रक्तदाब घसरत होता. दाब चढवायचं औषध पंपाने सुरू होतं. टाच इतकी थंड की थेंब येईना. शेवटी मिळालं रक्त, सिस्टर म्हणाली, आणि पुढची चादर उचलली.

मिळालं ते कुठून, हे मी विचारायला हवं होतं. पण तिचा चेहरा बघून मी पाणी मागितलं आणि निघालो.

प्रयोगशाळेत कार्डं तपासायच्या यंत्रावर बसणाऱ्याला भिंग म्हणतात. तो दोन चष्मे वापरतो, एक डोळ्यांवर आणि एक कपाळावर. मी काही विचारण्याआधीच तो रुसलेला होता. त्याने कार्डावर उरलेल्या डागातून रक्त घेऊन पुन्हा तपासणी केली होती, आणि आकडा जवळपास तोच आला होता. "माझ्या यंत्राला कोणाचं नाव कळत नाही," तो म्हणाला, "म्हणून ते कोणाची बाजूही घेत नाही."

त्या आठवड्यातली त्या विभागाची बाकीची कार्डंही त्याने माझ्या सांगण्यावरून पाहिली. सगळी नॉर्मल. मला हायसं वाटलं, कारण इथे एक साधं गणित होतं. दोन पिशव्या बदलल्या तर ज्याची चांगली गेली त्याच्या हाती वाईट येते. मुलीचं रक्त दुसऱ्याच्या कार्डावर गेलं असतं तर तिचा वाईट रिपोर्ट कोणाच्या तरी नावावर निघाला असता. तो कुठेच नव्हता. म्हणजे अदलाबदल झालीच नाही.

मी उत्साहाने दुकानात गेलो आणि किल्लीवाल्याला हे समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. हातातली किल्ली यंत्राला लावली, तिची नक्कल काढली आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवल्या.

"अदलाबदल कशाला हवी?" तो म्हणाला. "हिच्या टाचेतून येत नव्हतं ना रक्त? त्या मुलाचं येत होतं. त्याचंच दोन्ही कार्डांवर लावलं असेल. मी दिवसभर हेच करतो, एकावरून दोन."

मनीसिस्टरचा चेहरा आठवला, आणि मी न विचारलेला प्रश्नही.

४

पण याचा तपास सोपा होता, कारण खिडकीजवळच्या पेटीत मुलगा होता आणि ही मुलगी. वाळलेल्या रक्तातूनही बाई की पुरुष ते सांगता येतं. आणि एवढं करायचंच तर पुढचंही करून टाकावं म्हणून मी कार्डावरचं रक्त, आता घरी असलेल्या मुलीचं रक्त आणि आईचं रक्त, तिन्ही ताडून बघायला दिली. आईने दार किलकिलं करून नुसता हात बाहेर काढला. बोट टोचताना तो हलला नाही.

निकाल आला तो निर्विवाद होता. कार्डावरचं रक्त मुलीचं, मुलाचं नव्हे. आणि नुसतं कुठल्यातरी मुलीचं नव्हे, याच मुलीचं. आणि ती याच आईची.

मला वाटलं, संपलं. मी तो कागद घेऊन दुकानात गेलो. आत्याने तो उलटसुलट पाहिला आणि भावाकडे दिला. त्याने वाचला, पुन्हा वाचला, आणि घडी करून माझ्याकडे परत दिला.

त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पहिला कागद म्हणत होता मुलगी बरी. दुसरा म्हणत होता जन्मापासून आजारी. दोन्हींवर शिक्के, दोन्हींवर सह्या. आता हा तिसरा त्याच इमारतीतून आलेला कागद म्हणतो की रक्त एकाच मुलीचं. मग त्या रक्तात आधी आजार का दिसला नाही? "जोवर कोणी हे मला समजावत नाही, तोवर मी तिसरा कागद तरी का खरा मानू? आणि हिला," त्याने मान आतल्या दाराकडे वळवली, "हिला काय सांगू?"

मी बसथांब्यावर बराच वेळ बसून राहिलो. किल्लीवाला, सिस्टर, भिंग, आणि आता हा तिसरा कागद. कोणीच खोटं बोलत नव्हतं. लबाड माणूस सापडला असता तर बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदाच वाटलं. सगळेच खरं बोलत असतील तर चौकशी करणाऱ्याने जायचं कुठे?

५

मी पेटीतल्या मुलांच्या विभागात गेलो. आधीच जायला हवं होतं, पण तिथे गेलं की आपलं शरीर फार मोठं आहे असं वाटू लागतं.

खोली कोमट होती. दिवे मंद, आवाज फक्त पंपांचा. प्रत्येक पेटीशी इंजेक्शनची नळी बसवलेला एक छोटा पंप, केसाएवढ्या धारेने औषध सोडणारा. दारावर रंगीत कागदाचं एक इवलंसं पाऊल चिकटवलेलं, आणि त्याखाली लिहिलेलं: 'टोचणं दिवसातून एकदाच.' बदली सिस्टरने मला हलक्या आवाजात सांगितलं की हा मोठ्या बाईंचा नियम. पूर्वी ज्याला जेव्हा रक्त हवं तो तेव्हा येऊन टोचत असे, मुलांच्या टाचा चाळणीसारख्या व्हायच्या. आता सकाळी एकदाच रक्त घ्यायचं आणि सगळ्यांनी त्यातूनच भागवायचं. थायरॉईडचं कार्डही त्यातच उरकायचं. नॉर्मल आलं की त्यासाठी पुन्हा टोचायचं नाही. दुसऱ्या रुग्णालयांतले लोक हा नियम बघायला येतात, असंही ती अभिमानाने म्हणाली.

मी मनीसिस्टरच्या घरी परत गेलो, आणि या वेळी पाणी मागितलं नाही. रक्त कुठून मिळालं, ते विचारलं.

तिने खाली बघत सांगितलं. बेंबीतून घातलेल्या नळीतून. बाकीच्या तपासण्यांसाठी त्या सकाळी तिथून रक्त काढायचंच होतं, त्यातलेच थेंब तिने कार्डावर घातले. कार्डासाठी टाचेचं रक्त घ्यावं असा शिरस्ता, म्हणून ती गप्प राहिली होती. "ती आधीच अर्धमेली होती," ती म्हणाली. "थंड टाचेला पुन्हा पुन्हा टोचायचं माझ्याने होईना. नळीत तिचंच तर रक्त होतं."

तिचंच होतं. तो दोष अगदी किरकोळ होता, आणि मी तिला तसं सांगितलं. पण मी उठलो नाही. दाब चढवायचं औषध तेव्हा कधीपासून सुरू होतं, ते मी विचारलं. आदल्या संध्याकाळपासून, ती म्हणाली, डोपामिन.

हे नाव तिने पहिल्या भेटीत घेतलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली, कारण माझा माझ्या आठवणीवर विश्वास नाही. मग नवी काढली. मग दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी वाचली, कुठे चुकत असलो तर बरं, अशा आशेने. चुकत नव्हतो.

६

मोठ्या बाईंच्या खोलीत मी दार लोटून घेतलं आणि माहीत असलेलंच त्यांना सांगायला लागलो, जसं वर्गात सांगायचो.

गळ्यातली थायरॉईड कामचुकार निघाली की मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी ग्रंथी तिच्या नावाने शंख करते. रक्तात एक संप्रेरक सोडते, काम कर, काम कर म्हणून. आपलं कार्ड थायरॉईड मोजत नाही, तो शंख मोजतं. शंख मोठा असेल तर मूल आजारी, शांतता असेल तर नॉर्मल. डोपामिन रक्तदाब चढवतं, जीव वाचवतं. पण ते त्या वाटाण्याएवढ्या ग्रंथीच्या तोंडावर हातही ठेवतं. औषध चालू आहे तोवर शंख दबून राहतो. त्यात मूल वेळेआधी जन्मलेलं, म्हणजे त्या ग्रंथीला मुळातच धड ओरडता येत नाही. औषध थांबल्यावर काही दिवसांनी पुन्हा थेंब घेतले असते तर कार्ड किंचाळलं असतं.

"पण पुन्हा टोचायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

अदलाबदल नव्हती, नक्कल नव्हती, यंत्र बरोबर होतं, रक्तही तिचंच होतं. चूक होती ती फक्त वेळेची, आणि ती वेळ त्या रंगीत पावलाने ठरवली होती.

"हे मला माहीत होतं, सर," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्हीच शिकवलंत. परीक्षेत लिहिलं, गुण मिळवले. त्या मुलीच्या पेटीशी उभी होते तेव्हा डोक्यात एकच होतं, हिला अजून एकदा दुखायला नको." मग म्हणाल्या, "दुष्टपणा केला असता तर निदान लक्षात तरी राहिला असता."

त्यांनी फोन उचलला. दाबाच्या औषधावर असताना ज्या मुलांची कार्डं झाली त्या प्रत्येकाला परत बोलवायला सांगितलं. मग मनीसिस्टरला स्वतः फोन केला. तिकडून ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बाई दोनदा 'नाही, चूक माझी' म्हणाल्या. मग पर्स उचलली आणि मला म्हणाल्या, चला, किल्लीवाल्याकडे. तुम्ही समजावा, पण कोणाच्या नियमाने झालं ते मी सांगेन.

७

त्यांनी ते सांगितलं, उभ्यानेच, काही न गाळता. मग मी शंखाची गोष्ट सांगितली. किल्लीवाला हातातली कानस खाली ठेवायला विसरला होता. त्याने दोनच प्रश्न विचारले आणि दोन्ही नेमके होते. औषध दिलं नसतं तर? वाचली नसती, बाई म्हणाल्या. आणि आता डोकं शाबूत राहील? बाईंनी सांगितलं की शक्यता चांगली आहे, खात्री कोणी देणार नाही, ती शाळेत जाईपर्यंत आम्ही दर काही महिन्यांनी बघत राहू.

तो मान हलवत राहिला. "म्हणजे कुलूप पहिल्यापासून बिघडलेलं होतं, पण तपासलं तेव्हा कोणीतरी दार धरून ठेवलं होतं." मी म्हणालो, हो, तसंच. तो रागावेल असं मला वाटलं होतं. तो नुसता बसला. आत्या बाईंना खूप काही बोलली, आणि त्यातलं बरंचसं योग्यच होतं. बाईंनी ते ऐकून घेतलं. बोलून झाल्यावर आत्याने खांद्यावरच्या बाळाचं नाक पुन्हा एकदा निरखून पाहिलं आणि गप्प झाली.

तेवढ्यात आतलं दार उघडलं.

आई माझ्या कल्पनेपेक्षा लहान होती, कॉलेजातली वाटावी अशी. तिने सगळं ऐकलं होतं. आता ती धावत येऊन मुलीला घेईल, अशी आम्हा सगळ्यांची समजूत असावी, कारण आत्याने बाळ पुढे केलं. तिने हात पुढे केले नाहीत. चौकटीला टेकून ती माझ्याकडे बघत राहिली.

"नक्की ना?" तिने विचारलं. "अदलाबदल नाही?"

मी म्हणालो, नक्की. ही तुमचीच आहे.

तिचा चेहरा उजळला नाही, उलट त्यावरचं काहीतरी विझलं. ती भिंतीला धरून हळूच खाली बसली.

"मला वाटायचं, ही बदललेली असली तर माझी दुसरीकडे आहे," ती म्हणाली. "कुणाच्या तरी घरी. धडधाकट. पाय झाडते, रडून घर डोक्यावर घेते. मी रोज तिच्यासाठी दूध काढायचे. प्यायची ही, पण मी काढायचे तिच्यासाठी." ती थांबली. "म्हणजे ती कुठेच नाही."

मी आजवर ज्या निकालाला चांगली बातमी समजत होतो, तो कागद माझ्या खिशात होता. तिच्यासाठी तो काय घेऊन येणार आहे, हे एवढ्या पुस्तकांत कुठे लिहिलेलं नव्हतं. मी मात्र शोधून काढल्याचं समाधान घेऊन आलो होतो.

बाळ जागं झालं आणि तो घोगरा, बसका आवाज आला, रडणं म्हणावं की नाही असा. आत्या सवयीने झुलू लागली. आईने वर पाहिलं. बराच वेळ ती तो आवाज ऐकत राहिली, जणू पहिल्यांदाच. मग तिने बसल्या जागीच मांडी घातली आणि पदर सारखा केला.

"द्या इकडे," ती आत्याला म्हणाली. आणि मुलगी मांडीवर आल्यावर, तिच्याकडेच बघत, मोठ्या बाईंना विचारलं, "गोळी दुधाआधी द्यायची की नंतर?"

आधी, बाई म्हणाल्या. कुस्करून, चमचाभर पाण्यात.

"उद्यापासून मी देईन," ती म्हणाली.